वार आणि वाटा

मराठवाड्यातल्या अंबडमध्ये मटणासाठी पिशवी घेऊन निघालेल्या माणसाला घरातून हमखास विचारलं जातं, "आज वार कोणता?" सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. गाव मत्स्योदरी देवीचं, म्हणून मंगळवार किंवा शुक्रवार सोडणारीही घरं आहेत. वर एकादशी, चतुर्थी, श्रावण, नवरात्र आणि मार्गशीर्षातले गुरुवार. हे सगळं पाळणाऱ्या घरात मांसाहाराला आठवड्याचे दोन-तीन दिवसच उरतात. गळ्यात तुळशीची माळ असलेल्यांनी तर तेही सोडलेले. गाव अंबरीष राजाने वसवलं अशी आख्यायिका आहे, आणि भागवतातला अंबरीष ओळखला जातो तो एकादशीच्या व्रतासाठी.

आपण ज्याला वार पाळणं म्हणतो, त्यासाठी इतर देशांत मोहिमा चालवाव्या लागल्या. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, अमेरिकेच्या अन्न प्रशासनाने आघाडीवर धान्य आणि मांस पोचावं म्हणून नागरिकांना मंगळवारी मांस न खाण्याचं आवाहन केलं. २००३ साली तिथेच 'मीटलेस मंडे' ही मोहीम सुरू झाली, या वेळी हृदयरोग आणि लठ्ठपणा कमी करण्यासाठी. बेल्जियममधल्या गेंट शहराने २००९ पासून गुरुवार शाकाहाराचा ठरवला. आपल्याकडे १९६५च्या धान्यटंचाईत लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं आणि लाखो घरांनी ते ऐकलं. आठवड्याचा एक दिवस ठरवून घेतला की लोक तो पाळतात, कारण त्या दिवशी नव्याने विचार करावा लागत नाही. वाराची ताकद तीच आहे.

मग अंबडसारख्या गावाने या विषयात शिकण्यासारखं काय उरलं? माझ्या मते बरंच काही. वार टिकले, पण उरलेल्या दिवसांचं पातेलं मोठं झालं. आणि वाराच्या दिवसाचं ताट रिकामं झालं, किंवा चुकीच्या पदार्थांनी भरलं.

पूर्वी गावात बोकड कापला जाई तेव्हा त्याचे वाटे घातले जात. पाच-सहा घरं मिळून एक बोकड घेत आणि प्रत्येक वाट्यात थोडं मांस, थोडी हाडं, थोडी कलेजी येई. तो वाटा मोठ्या पातेल्यात, भरपूर पाण्यात शिजे. ताटात सुपारीएवढे दोन-चार तुकडे, वर पातळ झणझणीत रस्सा आणि त्यात कुस्करलेली ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी. पोट भरायचं ते भाकरीने. मटण होतं चवीपुरतं आणि आनंदापुरतं. कंदुरीच्या जेवणातही पंगत मोठी असे, तुकडे मोजके असत आणि रस्सा कमी पडत नसे.

हे गणित बॉयलर कोंबडीने बदललं. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली पुण्यात व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि पुढच्या काही दशकांत महाराष्ट्र कुक्कुटपालनात देशाच्या पहिल्या रांगेत आला. सहा आठवड्यांच्या आत-बाहेर दोन किलोची होणारी कोंबडी गल्लीतल्या दुकानात मिळू लागली. २०२२-२३ साली भारतात सुमारे ९७.७ लाख टन मांस तयार झालं, त्यातलं निम्म्याहून अधिक कोंबडीचं होतं. महाराष्ट्राचा क्रमांक देशात तिसरा लागला. सणाचा पदार्थ बुधवारच्या रात्रीचा झाला. ढाब्यावर एकट्याच्या ताटात अर्धी कोंबडी येऊ लागली, पाठोपाठ बिर्याणी. ज्यांना पूर्वी मांस परवडतच नव्हतं त्यांच्यासाठी हे चांगलंच झालं. ज्यांच्या ताटात आधीच पुरेसं होतं, त्यांच्या ताटात मात्र गरजेपेक्षा जास्त येऊ लागलं.

गरज किती, याचं एक माप जगापुढे आहे. २०१९ साली १६ देशांतल्या ३७ शास्त्रज्ञांच्या ईट-लॅन्सेट आयोगाने माणसाची तब्येत आणि पृथ्वीची तब्येत दोन्ही सांभाळणारा आहार मांडला. त्यात मोठ्या माणसाला दिवसाला लाल मांस १४ ग्रॅम, कोंबडी २९ ग्रॅम आणि कडधान्यं-डाळी ७५ ग्रॅम सुचवल्या आहेत. आठवड्याचा हिशेब केला तर सुमारे १०० ग्रॅम मटण आणि २०० ग्रॅम चिकन. आपल्या जुन्या पद्धतीत, दोन दिवस मोजक्या तुकड्यांचा रस्सा आणि बाकी दिवस डाळ-उसळ, हे माप जवळजवळ आपोआप सांभाळलं जात होतं. रविवारी एका बैठकीत पाव-पाव किलो खाणारा माणूस मात्र पाच वार कडक पाळूनही मटणाचं माप ओलांडतो. म्हणून आठवड्यात किती दिवस खाल्लं यासोबत किती ग्रॅम खाल्लं हेही विचारायला हवं.

जास्त खाल्ल्याने होतं काय? २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे सॉसेज, सलामी, हॅम यांसारखे पदार्थ, माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकले. लाल मांस 'बहुधा कर्करोगकारक' या गटात गेलं. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाणाऱ्यात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो असं तिचं म्हणणं आहे. ही वाढ मूळ धोक्याच्या तुलनेत आहे. शंभरातल्या अठरा जणांना कर्करोग होतो असा तिचा अर्थ नाही, आणि महिन्यातून दोनदा मटण खाणाऱ्याने घाबरून जाण्याचंही कारण नाही. सलामी अंबडमध्ये फार कुणी खात नाही. पण गोठवलेले नगेट्स आणि तयार कबाब तालुक्याच्या गावापर्यंत पोचले आहेत, आणि ते लहान मुलांच्या हातात जातात. माझी खरी काळजी ती आहे.

दुसरी काळजी औषधांची. दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने २०१४ साली राजधानी परिसरातले कोंबडीच्या मांसाचे ७० नमुने तपासले, तेव्हा ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडले. अशा वापरातून जिवाणू औषधांना दाद देईनासे होतात आणि मग माणसाच्या आजारात तेच औषध निकामी ठरतं. केंद्र सरकारने २०१९ साली कोलिस्टिन या माणसासाठी राखून ठेवण्याच्या औषधाच्या जनावरांतल्या वापरावर बंदी घातली, हे योग्यच झालं.

आता पर्यावरण. गाय, म्हैस, शेळी, मेंढी ही रवंथ करणारी जनावरं. त्यांच्या पोटाच्या मोठ्या कप्प्यात चारा आंबतो, तिथले सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात आणि तो बहुतेक ढेकरेतून बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७ ते ३० पट उष्णता धरतो, पण हवेत टिकतो जेमतेम बारा वर्षं. म्हणजे आज मिथेन कमी केला तर त्याचा गुण आपल्याच हयातीत दिसेल. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने २०१३ साली माणसाच्या कारभारातून निघणाऱ्या हरितगृह वायूंपैकी १४.५ टक्के पशुपालनाच्या खात्यात मांडले होते. २०१८ साली 'सायन्स' या नियतकालिकात ११९ देशांतल्या ३८ हजारांहून अधिक शेतांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच्या जागतिक सरासरीप्रमाणे एक किलो मेंढी-बोकडाच्या मांसामागे सुमारे ४० किलो कार्बन डायऑक्साइडइतके वायू निघतात, कोंबडीमागे सुमारे १०, आणि वाटाण्यासारख्या दाण्यामागे जेमतेम एक.

ही सरासरी अंबडच्या माळावर जशीच्या तशी लावू नये. जगातल्या आकड्यांत ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची कुरणं आहेत. आपल्याकडची काळी उस्मानाबादी शेळी बांधावरचं गवत, बाभळीच्या शेंगा, बोराटीचा पाला खाऊन जगते. माणसाच्या तोंडचं धान्य ती खात नाही. बहुतेकदा जुळी करडं देते, आणि पीक गेलेल्या वर्षी भूमिहीन बाईच्या हातात रोख पैसा येतो तो करडू विकून. २०१९च्या पशुगणनेत राज्यात एक कोटीहून अधिक शेळ्या मोजल्या गेल्या, आणि त्या मुख्यतः गरिबांच्या दारात आहेत. तिच्या दावणीवर हवामानबदलाचं ओझं टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

कोंबडीचा हिशेब वेगळा आहे, कारण तिचं खाद्य आपल्याच शेतातून जातं. त्यात निम्म्याहून अधिक मका आणि उरलेल्यात मुख्यतः सोयाबीनची पेंड असते. जिवंत कोंबडीचं वजन किलोभर वाढायला पावणेदोन किलोच्या आसपास खाद्य लागतं. पिसं, आतडी वजा जाता किलोभर मांसामागे ते अडीच किलोच्या घरात जातं. तेल काढून उरलेल्या त्याच सोयाबीनपासून सोयावडी होते आणि तिच्यात निम्मी प्रथिनं असतात. कोंबडीमार्गे जाताना त्यातला मोठा हिस्सा वाटेतच संपतो.

पाण्याचंही तसंच. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाच्या मेकोनन आणि हुक्स्ट्रा यांनी जगभरच्या पदार्थांचा पाणीखर्च मोजला आहे. एक ग्रॅम प्रथिनं मिळवायला कडधान्यातून सुमारे १९ लिटर पाणी खर्ची पडतं, अंड्यातून २९, कोंबडीतून ३४, शेळी-मेंढीतून ६३ आणि गोवंशाच्या मांसातून ११२ लिटर. यातलं बरंचसं चाऱ्यावर पडलेलं पावसाचं पाणी असतं, हे ध्यानात ठेवावं. तरीही २०१२-१३च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा उभ्या वाळताना ज्या जिल्ह्याने पाहिल्या, त्याला लिटरची किंमत सांगायला नको. आणि इथे एक गोष्ट स्पष्ट बोललीच पाहिजे: अंबड तालुक्यात पाण्याचं मोठं गिऱ्हाईक मांस नाही, ऊस आहे. सातशे मिलिमीटरच्या आसपास पावसाच्या मुलखात दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी पिणारं पीक जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर आणि विहिरींवर उभं असतं. त्याचं नाव न घेता फक्त रविवारच्या रश्श्याला दोष देणं प्रामाणिकपणाचं होणार नाही.

डाळीचं झाड याच्या उलट वागतं. तुरीचं मूळ खोल जातं, पावसाने ओढ दिली तरी ती तग धरते, आणि मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात. कपाशीच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ ही आपली जुनीच रीत. जिल्ह्यातलंच बदनापूरचं कृषी संशोधन केंद्र तुरीसाठी नावाजलेलं आहे. तिथली 'बीडीएन ७११' ही पांढऱ्या दाण्याची, लवकर तयार होणारी जात मराठवाड्याच्या कोरडवाहू शेतीसाठीच काढलेली. मांसाला पर्याय शोधायला आपल्याला जिल्ह्याबाहेर जावं लागत नाही.

पण वाराच्या दिवशी ताटात काय असतं? उपास असेल तर साबुदाणा आणि बटाटा, म्हणजे नुसता स्टार्च आणि वर तूप-तेल. पाहुणे असतील तर पनीर. किलोभर पनीरला पाच ते सात लिटर दूध लागतं, आणि ते दूध देणारी म्हैस तोच मिथेन सोडते. त्या २०१८च्या अभ्यासात चीजचा आकडा किलोमागे वीसच्या वर, म्हणजे कोंबडीच्या दुपटीहून अधिक आहे. पनीरचं गणितही त्याच वाटेने जातं. चिकन सोडून दर वेळी पनीर खाल्ल्याने पर्यावरणाचं भलं होत नाही. वाटीभर दही किंवा ताक मात्र असावं, कारण बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतीतून मिळत नाही आणि पूर्ण शाकाहारी घरांत त्याची उणीव नेहमी आढळते.

वाराचं खरं ताट मराठवाड्याकडे आहेच. मोड आलेली मटकी, हुलग्याचे शेंगोळे, हिवाळ्यात तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी, ज्वारीच्या कण्या घातलेली अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. आणि सगळ्यांत वर येसर. बाजरी किंवा ज्वारी, गहू, हरभरा डाळ वेगवेगळी खरपूस भाजायची, धणे, सुकं खोबरं, दगडफूल, लवंग, मिरची भाजून त्यात मिसळायची आणि दळून डबा भरून ठेवायचा. प्रमाण प्रत्येक घराचं वेगळं. फोडणीत पाणी उकळलं की हे पीठ सोडायचं. जी तर्री आणि जो दाटपणा येतो, त्यात भाकरी कुस्करून खाणाऱ्याला मटणाच्या रश्श्याची आठवण काढावी लागत नाही. डाळीत जे अमिनो आम्ल भरपूर, ते धान्यात कमी, आणि धान्यात असतं ते डाळीत कमी. भाकरी-उसळ एकत्र आल्या की प्रथिनं पूर्ण होतात. डाळीतलं लोह मांसातल्या लोहापेक्षा कमी शोषलं जातं, हे खरं आहे. त्यावर लिंबाची फोड हा सोपा इलाज, कारण क जीवनसत्त्वाने शोषण वाढतं. अंबडच्या माणसाने जेवणानंतर आपल्याच तालुक्यातली मोसंबी सोलावी. जेवणावर लगेच चहा घेऊ नये. चहा ते लोह अडवतो.

मांसाच्या दिवसासाठीही नमुना गावातच आहे. अंबडच्या मुस्लीम घरांत वार नसतात, पण दालचा असतो. निजामाच्या राज्यापासून चालत आलेला हा पदार्थ: हरभऱ्याची किंवा तुरीची डाळ, दुधी भोपळ्याच्या फोडी, चिंच, कढीपत्ता आणि हाडासकट थोडं मटण, सोबत बगारा खाना. साधा हिशेब करा. पाच माणसांसाठी किलोभर मटण आणलं तर हाडं वजा जाता १४५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. अर्धा किलो मटण आणि पाव किलो हरभरा डाळ घातली तर सव्वाशेच्या आसपास, आणि वर मटणात अजिबात नसलेला चोथा मिळतो. मांस निम्मं झालं, पातेलं तेवढंच राहिलं, पैसे वाचले. या विषयावर मी जे काही वाचलं आहे त्यात इतका चांगला तोडगा मला दुसरा दिसला नाही, आणि तो लग्नाच्या पंगतीत शतकभर वाढला जातो आहे.

कमी कुणी करायचं, हा प्रश्न मात्र सगळ्यांत महत्त्वाचा. भारतात उत्पादनाच्या मानाने माणशी वर्षाला सातेक किलो मांस पडतं, तेही निर्यात धरून. अमेरिकेत शंभर किलोच्या वर. त्या सातातलंही वाटप सारखं नाही. ज्या ऊसतोड कामगाराच्या घरी महिन्यातून एकदा वाटा येतो, त्याला कमी करा म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, सुमारे ५४ टक्के, स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. मटणाच्या दिवशी घरातली बाई सगळ्यात शेवटी जेवते आणि तिच्या वाट्याला बहुतेकदा तळाचा रस्सा येतो. गरोदर बाई, वाढतं मूल, आजारातून उठलेला माणूस यांचं ताट कमी करायचं नाही. शाळेच्या पोषण आहारात नोव्हेंबर २०२३ पासून राज्याने आठवड्याला एक अंडं देऊ केलं होतं; जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी काढून घेण्यात आला. बचत करायची ती या टोकाला नव्हे, असं मला ठामपणे वाटतं.

कमी करायचं आहे ते ज्यांच्या घरी आठवड्यात तीन-चारदा चिकन येतं त्यांनी, रात्री ढाब्यावर अर्धी तंदुरी मागवणाऱ्यांनी, आणि गटारीला महिन्याभराची भरपाई एका दिवसात करणाऱ्यांनी. तुमचे वार सोमवार-गुरुवार असोत किंवा एकही नसो, दोन दिवस मटकीची उसळ आणि येसराची आमटी ठरवून टाका. येत्या रविवारी किलोऐवजी अर्धा किलो मटण सांगा, पातेल्यात पाव किलो डाळ आणि दुधी घाला, आणि वाढताना मटणाचे पहिले तुकडे ज्या बाईने ते शिजवलं तिच्या ताटात घाला.